पदकार सोहिरोबानाथ आंबिये आणि त्यांचा गाता वारसा

अठराव्या शतकातील मराठी संतकवींमध्ये सोहिरोबानाथ आंबिये यांची गणना अद्वैत वेदान्त आणि नाथपंथीय योगविचार मांडणारे ग्रंथकार म्हणून केली जाते. परंतु गोव्यातील पेडणे आणि डिचोलीच्या देवळांतील सभामंडपांत, सप्ताहाच्या रात्री आणि चतुर्थीच्या दिवसांत गणपतीवरच्या फळापानांच्या माटोळीखाली बसणाऱ्या भजनी मंडळींत जे सोहिरोबा ओळखले जातात ते प्रामुख्याने पदकार सोहिरोबा होत. त्यांचे ग्रंथ अभ्यासकांच्या कपाटात राहिले आणि पदे मात्र गळ्यातून गळ्यात फिरत राहिली. त्यामुळे त्यांच्याकडे केवळ कवी म्हणून न पाहता संगीतरचनाकार म्हणून पाहणे आवश्यक आहे, आणि गोव्याच्या संगीतपरंपरेचा विचार करताना तर ते अपरिहार्य आहे.

भारतीय संगीतशास्त्रात रचनाकारासाठी ‘वाग्गेयकार’ अशी संज्ञा आहे. तेराव्या शतकातील शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात तिचे विवेचन केले असून, वाणीच्या अंगाला, म्हणजे शब्दरचनेला, ‘मातु’ आणि गेय अंगाला, म्हणजे स्वररचनेला, ‘धातु’ असे म्हटले आहे. जो ही दोन्ही अंगे स्वतः घडवतो तो वाग्गेयकार. सोहिरोबांच्या जन्माच्याच वर्षी, १७१४ मध्ये, युरोपात ग्लुक आणि कार्ल फिलिप इमान्युएल बाख हे दोन मोठे संगीतकार जन्मले, आणि त्यांनी कागदावर उतरवून ठेवलेला प्रत्येक स्वर आजही जसाच्या तसा वाजवता येतो. मराठी पदकाराचा धातु मात्र लेखनात उतरला नाही. त्याने शब्द दिले आणि त्या शब्दांच्या बांधणीत चालीचा सांगाडा ठेवला. प्रत्यक्ष चाल गाणाऱ्यांच्या पिढ्यांनी सांभाळली, बदलली, कधी विसरली आणि पुन्हा बांधली. हा फरक लक्षात घेतला तरच सोहिरोबांचा वारसा कशात शिल्लक आहे हे नेमके सांगता येते.

सोहिरोबांचे मूळ नाव अच्युत. त्यांचे घराणे पेडणे महालातील पालये गावचे. हे गाव तेरेखोल नदीच्या मुखाच्या दक्षिणेस, केरी आणि हरमल यांच्या शेजारी वसलेले आहे. घराण्याकडे त्याच नदीच्या काठावर वरच्या अंगाला असलेल्या बांदे गावचे कुळकर्णीपण होते आणि सोहिरोबांचा जन्म तेथेच झाला. कुळकर्णी म्हणजे गावच्या जमिनीचा व वसुलाचा हिशेब ठेवणारा वतनदार. आज बांदे महाराष्ट्रात आणि पालये गोव्यात असले, तरी सोहिरोबांच्या काळी ही दोन्ही गावे सावंतवाडीच्या भोसल्यांच्या मुलखात होती व मधली सीमारेषा अस्तित्वात नव्हती. पोर्तुगीजांनी डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये आपल्या ताब्यात घेतले. सोहिरोबा त्यापूर्वीच हा प्रदेश सोडून उत्तरेकडे गेले होते.

हा राजकीय तपशील संगीताच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली गेलेल्या तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादीत देवळे पाडली गेली आणि हिंदू धर्माचारांवर बंदी आली. देवळाच्या आश्रयाने चालणारे कीर्तन, भजन आणि गायन तेथून परागंदा झाले. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल नव्या काबिजादीत, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पोर्तुगीजांकडे गेले, तोपर्यंत त्या सत्तेचा धर्मविषयक कडवेपणा ओसरला होता आणि देवळांच्या चालीरीतींना तिने हात लावला नाही. डिचोलीतील नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे देऊळ, ज्याचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला, किंवा साखळीजवळच्या कारापूरचे विठ्ठल मंदिर, जेथे चैत्रातील उत्सव आजही मोठ्या थाटाने होतो, अशा ठिकाणी मराठी भजन-कीर्तनाचा प्रवाह खंड न पडता वाहत राहिला. सोहिरोबांची पदे टिकली याचे श्रेय त्यांच्या गुणवत्तेइतकेच या अखंडतेला द्यावे लागते.

त्यांच्या आयुष्याला वळण देणाऱ्या प्रसंगाविषयी सांप्रदायिक परंपरा एकमुखाने सांगते. सावंतवाडी दरबाराच्या बोलावण्यावरून निघालेले अच्युतपंत भर दुपारी इन्सुलीच्या रानात विसाव्यासाठी थांबले, जवळचा फणस त्यांनी फोडला आणि तेवढ्यात एक योगी समोर उभा राहिला. त्या योग्याला गरे अर्पण केल्यावर त्याने त्यांना उपदेश केला आणि तो अंतर्धान पावला. हा योगी म्हणजे नाथपंथातील गहिनीनाथ, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. गहिनीनाथ हे निवृत्तिनाथांचे गुरू आणि त्यामुळे ज्ञानेश्वरांचे परमगुरू. तेव्हा पाच शतकांनंतरच्या कवीने आपला संबंध थेट त्यांच्याशी जोडणे याचा अर्थ ज्ञानेश्वरांच्या वाटेवर आपले पाऊल असल्याचा निर्वाळा देणे असा होतो. ऐतिहासिक निकषांवर ही कथा तपासणे शक्य नाही आणि तसे करण्यात फारसे हशीलही नाही. अच्युतपंतांनी वतनदारीचे काम सोडले, सोहंभावाचे स्मरण देणारे सोहिरोबा हे नाव रूढ झाले आणि त्यानंतर त्यांच्या वाणीला बहर आला, एवढे निश्चित आहे.

‘सिद्धान्तसंहिता’, ‘अद्वयानंद’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अक्षयबोध’ आणि ‘महदनुभवेश्वरी’ हे त्यांचे ग्रंथ होत. यांपैकी ‘महदनुभवेश्वरी’ सर्वांत विस्तृत आणि प्रौढ मानला जातो. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’शी त्याचे नाते आहे, हे त्याच्या शीर्षकापासूनच जाणवते, मात्र प्रत्यक्ष वाचनात हे ग्रंथ कठीण आहेत, आणि नाथपंथीय परिभाषेची ओळख नसलेल्या वाचकाला त्यांत शिरणे सोपे जात नाही. त्याच विचाराचे सार पदांत आले तेव्हा मात्र ते शेतकऱ्याला, कुंभाराला आणि देवळातल्या पखवाजियाला सारखेच कळू लागले. सोहिरोबांचे समकालीन महिपती संतचरित्रांच्या ओव्या लिहीत होते आणि त्यांच्यानंतरच्या पिढीचे मोरोपंत आर्या रचत होते. हे दोघेही मोठे, परंतु गोव्याच्या भजनी फडात जी जागा सोहिरोबांना मिळाली ती यांपैकी कोणालाही मिळाली नाही.

पद हा रचनाप्रकार अभंगापेक्षा वेगळा आहे. अभंगाचा छंद अक्षरसंख्येवर चालतो आणि त्याची चरणरचना ठरलेली असते. पदाला तसे एकच ठरीव माप नाही. पदाचा आरंभ ध्रुवपदाने, म्हणजे पुन्हा पुन्हा परतून येणाऱ्या ओळीने होतो, पुढे दोन-तीन किंवा अधिक कडवी येतात, प्रत्येक कडव्याची अखेर ध्रुवपदाच्या यमकाशी जुळते आणि शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा येते. सोहिरोबांच्या पदांत ही मुद्रा बहुधा ‘सोहिरा’ अशी असते. पुढे मराठी रंगभूमीवर नाट्यपदांचा जो बहर आला त्याची बैठक या जुन्या कीर्तनी पदांतच आहे.

सोहिरोबांची रचनादृष्टी किती सूक्ष्म होती हे ‘हरिभजनावीण’ या शब्दाने सुरू होणाऱ्या, त्यांच्या सर्वांत लोकप्रिय पदावरून दिसते. या पदाचा विषय उपदेशाचा आहे: आयुष्य भजनाशिवाय दवडू नये आणि आत तेवणारा ज्ञानाचा दिवा विझू देऊ नये. उपदेशपर पदे मराठीत शेकड्यांनी आहेत आणि त्यांतली बरीचशी रूक्ष आहेत. येथे मात्र ध्रुवपदाच्या आणि प्रत्येक कडव्याच्या अखेरीला घालवणे, मालवणे, कालवणे, हालवणे अशी एकाच घडणीची क्रियापदे निषेधार्थी रूपात येत जातात आणि प्रत्येक क्रियापद एक वेगळे चित्र उभे करते. स्वतःच्या मताचा चिखल कालवण्यास कवी मना करतो, तेव्हा पावसाळ्यात शेतात चिखल करणाऱ्या पेडण्याच्या कुळाला तो शब्द वेगळा समजावून द्यावा लागत नाही. अनुभव नसताना मान डोलावू नये, असे तो सांगतो, तेव्हा प्रवचनाला बसून मान डोलावणाऱ्या प्रत्येक श्रोत्याची ती कानउघाडणी असते. दोरीला साप समजून भिण्याचा वेदान्तातील जुना दृष्टान्तही तेथे आहे, पण तो अवघ्या काही शब्दांत येऊन जातो.

याच बांधणीचा विचार गायकाच्या बाजूने केला तर तिचे सांगीतिक मर्म उलगडते. कडव्यातील पहिले दोन खंड आखूड आणि परस्पर यमकाचे असल्यामुळे ते झपाट्याने, जवळजवळ बोलल्यासारखे म्हणता येतात, आणि तिसरा खंड लांबत जाऊन ‘रे’ या दीर्घ संबोधनावर विसावतो. त्या दीर्घ स्वरावर गाणाऱ्याला आलाप घ्यायला, बाकीच्या मंडळींना सूर मिळवायला आणि पखवाजियाला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थाप द्यायला अवकाश मिळतो. कवीने स्वरलेखन केले नसले तरी श्वास कोठे घ्यावा, गती कोठे वाढवावी आणि कोठे थांबावे हे त्याने अक्षरांतून ठरवून ठेवले आहे. चाल बदलली तरी हा आराखडा बदलत नाही, आणि म्हणूनच अडीच शतकांनंतरचा गायकही एका अर्थाने सोहिरोबांनी आखलेल्या वाटेनेच चालत असतो. सोहिरोबांना वाग्गेयकार म्हणण्याचे खरे प्रमाण हेच आहे.

वयाच्या साठीत, १७७४ च्या सुमारास, सोहिरोबा घरदार सोडून तीर्थयात्रेला निघाले आणि पुन्हा कोकणात परतले नाहीत. उत्तरेत त्यांच्या पदरचनेला हिंदीचे अंग फुटले. ग्वाल्हेर येथे त्यांची गाठ महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी यांच्याशी पडली. जिवबादादा हे मूळचे केरकर, पेडण्यातील केरी गावचे, म्हणजे सोहिरोबांच्या पालयेच्या अगदी शेजारचे. तेरेखोलच्या मुखाशी असलेल्या दोन लहान गावांतील माणसे उत्तर हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य मराठा सरदाराच्या छावणीत भेटावीत, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. जिवबादादांनी सोहिरोबांचे शिष्यत्व पत्करले आणि त्यांच्यामार्फत महादजींशी भेट घडून आली. महादजी स्वतः भक्तिपर पदे रचत असत. आपली कविता त्यांनी सोहिरोबांपुढे ठेवली, तेव्हा सोहिरोबांनी तिची स्तुती केली नाही आणि शिंदे रागावले, अशी आख्यायिका आहे. त्यावर, अवधूताला राजाची गरज नसते, फकिरी ही बेपर्वा असते, अशा आशयाचे हिंदी पद सोहिरोबांनी तेथल्या तेथे म्हटले असे सांगतात. प्रसंगाचे बारकावे परंपरेने रंगवले असतील, परंतु ते पद आजही गायिले जाते आणि त्यातील निःस्पृह, ठाम स्वर कुळकर्णीपण सोडणाऱ्या माणसाच्या स्वभावाशी पूर्णपणे जुळतो. त्यांचे अखेरचे वास्तव्य उज्जैन येथे होते आणि १७९२ मध्ये ते तेथून कोणाला न सांगता निघून गेले, अशी संप्रदायाची धारणा आहे.

जेथे ते परतले नाहीत त्या प्रदेशात त्यांची पदे कशी राहिली, हे समजण्यासाठी गोव्यातील भजनाची रीत पाहिली पाहिजे. बैठकीच्या भजनात मुख्य गायकाला बुवा म्हणतात. त्याच्यासमोर पेटी, एका बाजूला पखवाज आणि भोवती झांजा घेऊन बसलेली साथीची मंडळी असा मेळ असतो. नामाच्या जपाने आरंभ होतो, विठ्ठलाच्या रूपाचे वर्णन करणारा अभंग येतो, त्यानंतर इतर अभंग, गौळणी आणि पदे म्हटली जातात, गजराने भजन चढत जाते आणि आरतीने त्याची सांगता होते. अखंड सप्ताहात सात दिवस गजर थांबू द्यायचा नसतो, म्हणून वाड्यावाड्यांनी आळीपाळीने उभे राहण्याचे पार (पाळ्या) ठरलेले असतात. या रीतीमुळे भजन ही निवडक कलावंतांची मिरास न राहता गावाची सामायिक जबाबदारी होते, आणि ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही शेकडो पदे तोंडपाठ होतात. बुवाची शास्त्रीय गायनाची तयारी असली तर तो पदात आलाप-ताना घालतो आणि नसली तर साधी चाल धरतो. सोहिरोबांचे पद दोन्ही प्रकारे उभे राहते.

ही परंपरा विसाव्या शतकात शिस्तबद्ध करण्याचे काम ज्यांनी केले त्यांत मनोहरबुवा शिरगावकर यांचे नाव अग्रभागी आहे. मनोहरबुवांनी गावोगाव भजनाचे शिक्षण दिले, आणि गोवा कला अकादमीची राज्य भजन स्पर्धा त्यांच्या स्मृतीशी जोडलेली आहे. पुरुषांच्या बरोबरीने महिलांची आणि मुलांची पथके या स्पर्धेत उतरतात, ही गोष्ट विशेष नोंदवण्याजोगी आहे, कारण बैठकीचे भजन दीर्घकाळ पुरुषांपुरतेच मर्यादित होते. स्पर्धेमुळे सफाई आली आणि तयारीची उंची वाढली. त्याचबरोबर परीक्षकांना रुचणारी एक ठरावीक मांडणी सगळीकडे पसरू लागली आणि गावागावांतील चालींमधला फरक पुसट झाला. हे मोल थोडे नव्हे.

गोव्याबाहेरच्या मराठी श्रोत्यांपर्यंत सोहिरोबांना पोचवण्याचे श्रेय पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्याकडे जाते. १९२९ मध्ये मंगेशी येथे जन्मलेल्या अभिषेकींचे वडील देवळातील पुजारी आणि कीर्तनकार होते, त्यामुळे पदे त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडली. पुढे जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ अशा गुरूंकडून त्यांनी रागविद्या घेतली आणि १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’ व १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकांपासून नाट्यसंगीताला नवे वळण दिले. संगीतकार म्हणून त्यांचा विशेष असा की शब्दाचा अर्थ झाकेल इतका विस्तार ते करीत नसत. नाट्यपद आटोपशीर ठेवून त्याचा भाव टोकदार करीत. हीच दृष्टी घेऊन त्यांनी ‘हरिभजनावीण’ गायिले. सोहिरोबांच्या अक्षरांत जी विश्रांतिस्थाने आधीच होती तीच त्यांनी स्वरांनी उजळली, आणि उपदेशाला दटावणीऐवजी कळवळ्याचा सूर दिला. १९९८ मध्ये अभिषेकी गेले. परंतु आज महाराष्ट्रात ज्यांना सोहिरोबांचे हे एक पद माहीत आहे त्यांतील बहुतेकांना ते अभिषेकींच्या आवाजातच आठवते. मातु अठराव्या शतकातील आणि धातु विसाव्या शतकातील, आणि दोन्ही कर्ते गोव्याच्या मातीशी बांधलेले, अशी ही जोडरचना आहे.

या लोकप्रियतेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ध्वनिमुद्रिकेतील चाल इतकी सर्वमान्य झाली की त्या पदाच्या जुन्या, देवळातील चाली मागे पडल्या, आणि सोहिरोबांची इतर अनेक पदे एका प्रसिद्ध पदाच्या सावलीत गेली. विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव दिलेले आहे, त्यांच्या नावाने पेडण्यात कार्यक्रम होतात, आणि हे सारे योग्यच आहे; पण संगीतरचनाकाराचे खरे स्मारक त्याची रचना गायिली जाण्यात असते. त्यांच्या पदांची पुस्तके छापलेली आहेत, म्हणजे मातु सुरक्षित आहे. धातु मात्र पालये, केरी, मोरजी, धारगळ, मये, शिरगाव, साखळी अशा गावांतील वयोवृद्ध बुवांच्या आणि पखवाजियांच्या स्मरणातच आहे, आणि त्या चालींचे राग, ताल व ठेवण यांसह पद्धतशीर ध्वनिमुद्रण व स्वरलेखन होणे निकडीचे आहे. कला अकादमी, गोवा विद्यापीठ आणि विर्नोड्याचे महाविद्यालय यांनी ते हाती घ्यावेच. तोपर्यंत पेडणे-डिचोलीतील ज्या वाचकांच्या गावात जुने भजनी अजून गात आहेत त्यांनी या चतुर्थीला किंवा सप्ताहाला त्यांच्यासमोर बसून त्यांना ठाऊक असलेली सोहिरोबांची सर्व पदे, गायकाचे व गावाचे नाव सांगून, भ्रमणध्वनीवर मुद्रित करून ठेवावीत.